चमत्काराच्या आधीचे तीन आठवडे

पेन्यासेका, ३ ऑक्टोबर १९८४

लेआंद्रो,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चौदा वर्षांनी. पाकिटावर रोमचं तिकीट होतं, म्हणून टपालवाल्या फेलिसिआनोने ते अख्ख्या चौकाला दाखवत आणलं. म्हणाला, "पोपने जेवायला बोलावलंय वाटतं." मी म्हटलं, "जेवायला नाही, भांडी घासायला." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

तू लिहितोस, आपल्या गावच्या कार्मेली मठातल्या तीन ब्रदरांची नावं संतपदासाठी पुढे गेली आहेत. एकाने ग्रंथ लिहिले, एक परदेशात तापाने मेला, आणि तिसरे आपले ब्रदर कोस्मे, मठाच्या दारावर बसणारे. पहिल्या दोघांचं काम अडलं आहे, कारण त्यांच्या नावावर चमत्कार नाही. कोस्मेंच्या नावावर आहे. तो चमत्कार म्हणजे तू. १९४७ च्या फेब्रुवारीत मरायला टेकलेला आठ वर्षांचा मुलगा, ज्याच्या छातीवर मेलेल्या ब्रदरच्या झग्याचा तुकडा ठेवताच तो उठून बसला. बिशपांनी चौकशी मंडळ नेमलं आहे, आणि त्या दिवशी घरात असलेल्या माणसांपैकी तुझ्याखेरीज मी एकटीच जिवंत आहे. म्हणून माझी आठवण झाली.

दीड पान लिहिलं आहेस. मी कशी आहे हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. सोबत एकोणतीस प्रश्नांचा छापील कागद आहे. सतराव्या प्रश्नाला तू पेन्सिलीने खूण केली आहेस. "त्या काळात आजारी मुलावर काही उपचार चालू होते काय? असल्यास कोणते?" आणि समासात तुझं अक्षर: "विशेष काही नाही, एवढंच पुरे."

विशेष काही नाही.

तू एप्रिलात पडलास आणि जानेवारीत उठलास. दहा महिने. आपली आई गेलेली, बाबा तुरुंगात मेलेले, आणि मी एकोणीस वर्षांची धोबीण. दोन दुधाळ गाई असलेला मठ सोडला तर या गावात कुणी आपल्या दाराकडे बघत नव्हतं. डॉक्टरने तुझ्या फुप्फुसातलं पाणी दोनदा सुईने काढलं आणि म्हणाला, "तिसऱ्यांदा मला बोलावू नकोस, उगाच पोराला त्रास." डाव्या कुशीवर तुला झोपवत नसे. दर दोन तासांनी तुला उचलून टेकवायचं, मोहरीचा लेप लावायचा, कातडी लाल झाली की काढायचा, वीट तापवून पायाशी ठेवायची. पहाटे नदीवर जायचं, बर्फ फोडून लोकांच्या चादरी धुवायच्या. परत आले की हात काखेत धरून उभी राहायचे, ते गरम झाल्याशिवाय तुला लावायचे नाहीत म्हणून.

चौकशीसाठी कुणी फादर अमान्सियो येतील म्हणतोस, तर येऊ देत. दार उघडं असतं.

कासिल्दा

२१ ऑक्टोबर

लेआंद्रो,

तुझे फादर अमान्सियो काल येऊन गेले. तरुण आहेत, पायताण पुसून आत आले, बडीशेपेची सात बिस्किटं खाल्ली. त्यांचा मला राग आला नाही, हे मुद्दाम सांगते. ज्यांचा यायला हवा त्यांच्यासाठी तो राखून ठेवला आहे.

चमत्कार कशाला म्हणतात ते त्यांनी मला समजावून सांगितलं. एकदम, पूर्ण आणि कायमचं. बरं होणं या तिन्हीत बसलं पाहिजे.

"हळूहळू बरं झालेलं चालत नाही, बाई."

"हळूहळू बरं झालं तर तो काय असतो?"

"मग तो निसर्ग."

"निसर्ग नदीवर कधी भेटला नाही मला," मी म्हटलं. "रोज जायचे मी."

ते हसले आणि पिशवीतून जाडजूड फाईल काढली. मी म्हटलं, यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवा. ते पानं उलटत राहिले. अखेर सापडलं. लिओकाडिया, गावातल्या आजाऱ्यांची विचारपूस करणाऱ्या बायकांची पुढारी, तिची १९५२ सालची साक्ष. तिच्यात एक ओळ आहे. "घरात रुग्णाची एक नातेवाईक स्त्री उपस्थित होती."

मी विचारलं, "बस?"

"त्या वेळी नाव विचारायचं राहून गेलं असेल."

लिओकाडियाच्या घरच्या चादरी मी अकरा वर्षं धुतल्या. कुठली कुणी घाण केली हेसुद्धा मला ठाऊक होतं. तिला माझं नाव ठाऊक नव्हतं?

जाताना त्यांनी तुझ्या प्रवचनांची एक पुस्तिका ठेवली. तुझी आठवण म्हणून. रात्रीच्या जेवणाआधी वाचून काढली. त्यात 'तो हात' नावाचं प्रवचन आहे. तू लिहिलं आहेस की आजारपणातलं तुला फारसं काही आठवत नाही. फक्त अंधारात छातीवर ठेवलेला एक ऊबदार हात, ज्याला चेहरा नव्हता. तो हात कुणाचा ते तुला पुढे प्रार्थनेत कळलं, असं तू म्हणतोस. हे प्रवचन तू सात देशांत दिलंस, असं पुस्तिकेच्या मागे छापलं आहे.

तो हात माझा होता, गाढवा.

कासिल्दा

५ नोव्हेंबर

लेआंद्रो,

फार कडवट लिहिते, असं तुझं म्हणणं. असेल. आता कडवट नाही, नुसतं झालं ते लिहिते. तुला कधी सांगितलं नाही. तू अकराव्या वर्षी गेलास, आणि नंतर कधी आपण दोघंच एका खोलीत नव्हतो.

चमत्कार नऊ फेब्रुवारीचा. तुझा ताप उतरला तो सतरा जानेवारीला. त्या दिवशी तू म्हणालास, "कासी, मला भूक लागलीये." पूर्ण दहा महिन्यांत पहिल्यांदा. मी लसणीचं सूप केलं. दोन वाट्या प्यायलास आणि तिसरी मागितलीस. मी भिंतीला टेकून उभी राहिले. रडले नाही. रडायच्या आधी मला दूध आठवलं.

मठाच्या दारावर रोज दुपारी सूप मिळायचं, तिथे सगळं गाव रांगेत. दूध मात्र फक्त मरणाऱ्यांना. ब्रदर कोस्मे रोज एक तांब्याभर द्यायचे. पोरगं सुधारलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी तांब्या दुसऱ्याच्या घरी. तुझ्या हातांची नुसती काडं झाली होती. उठलेलं पोर सुपावर जगत नाही, पुन्हा पडतं. त्याच हिवाळ्यात चांभाराची मुलगी अशीच पडली आणि गेली. म्हणून मी ठरवलं, तू अजून मरतो आहेस.

तुला म्हटलं, झोपून राहा. झोपून राहिलास. दारावर विचारलं की मी मान हलवायचे. तोंडाने बोलायला लागू नये म्हणून.

चौथ्या दिवशी बर्फ पडला आणि मी दुधाला गेले नाही. तर कोस्मे स्वतःच तांब्या घेऊन दारात. ते दिसायला कसे होते तुला आठवतं का? पुस्तिकेत त्यांचं चित्र आहे, डोळे वर, तोंडाभोवती उजेड. खरे कोस्मे शेळ्या राखणाऱ्याचं पोर, पाय फुटलेले, नाक सदा लाल, रांगेतल्या बायकांवर खेकसायचे. "ढकलू नका! सूप पळून चाललंय का?" ते आत आले. तू अंथरुणात मांडी घालून बसला होतास, मसुरातले खडे काढत.

  म्हणाले, "पोरगं तसंच आहे ना?"

मी तांब्याकडे बघितलं.

"तसंच आहे. मला दिसतंय की." तांब्या टेबलावर ठेवला. "गरम करून दे. गार दिलंस तर खरंच आजारी पडेल."

दारात वळले आणि आवाज खाली करून म्हणाले, "दर शनिवारी मठप्रमुखांपुढे गुडघे टेकून सांगावं लागतं कोणता आजारी कसा आहे ते. आता मी गुडघ्यावर बसून खोटं बोलणार. तुझ्यापायी नरकात गेलो तर तिथे माझा झगा तू धुवायचास. फुकट."

दोन शनिवार ते खोटं बोलले. तिसऱ्या शनिवारी, आठ तारखेला, सकाळी दारावरच्या बाकावर बसल्या बसल्या गेले.

तुझ्या फाईलमध्ये लिहिलं आहे म्हणे, की त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी खोटा शब्द निघाला नाही. फादर अमान्सियोंनी हे मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

कासिल्दा

१४ नोव्हेंबर

लेआंद्रो,

उत्तर नाही. म्हणजे वाचलंस. तर उरलेलंही वाच.

नऊ तारखेला त्यांना मठाच्या देवळात ठेवलं होतं. माणसं कात्र्या घेऊन आली होती. संत गेला की गावं हेच करतात. नखाएवढा तुकडा कापायचा, जपमाळेच्या पिशवीत शिवून ठेवायचा. दुपारपर्यंत झगा गुडघ्यापर्यंत आला होता आणि मठवाल्यांना त्यांना दुसरा घालावा लागला. मी कात्री नेली होती. पण मला नखाएवढा नको होता. घट्ट विणलेली तपकिरी लोकर होती, लेआंद्रो, तसली त्या वर्षी गावात कुणाच्या अंगावर नव्हती, आणि तुझ्या छातीला काही नव्हतं. मी दोन वीत कापला. म्हातारा हरकत घेणार नाही हे मला ठाऊक होतं. धुणं फुकट ठरलंच होतं.

बाहेर पडताना लिओकाडियाने मनगट धरलं.

"हे काय गं? एवढा? अंगरखा शिवायचाय की काय?"

बायका हसल्या. मला अंगरखाच शिवायचा होता. कुणीतरी म्हणालं, चोर आहे, बापासारखी. तेव्हा मी बोलले, "माझा भाऊ मरतोय. त्याच्या छातीवर ठेवायचाय."

मला वाटलं, सोडेल. तिने सोडलं नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "चला गं बायांनो, आपण सगळ्याच जाऊ. हिच्याबरोबर प्रार्थना करू." चौदा बायका. वरच्या गल्लीतून खाली, मेणबत्त्या घेऊन, गात. मी पुढे. मनात एकच, की पोरगं झोपलेलं असू दे. तुला मी सांगून गेले होते, आज कुणी येणार नाही, सगळं गाव देवळात आहे, हवं तर ऊठ.

दार उघडलं. तू जमिनीवर उभा होतास. एका पायावर. कोळशाने फरशीवर घरं आखून लंगडी घालत होतास.

मागच्या गाण्याचा सूर तुटला. मला माझ्या पाठीवर चौदा जणींचा श्वास कळत होता. चोर, खोटारडी, आणि मठाचं दूध लाटणारी. ते सगळं एका क्षणात माझ्यावर येणार होतं. मी गुडघे टेकले आणि ओरडले, "देवा! सकाळी तर मान उचलत नव्हता!"

एवढंच. तुझा चमत्कार एवढाच आहे. ते एक वाक्य.

आणि तो तुकडा माझ्या मुठीत होता. तुझ्या छातीला लागलासुद्धा नव्हता. पुढे लिओकाडियाने शपथेवर सांगितलं की छातीवर ठेवताच मुलगा उठला. चौदाही जणींनी तेच सांगितलं. त्या खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. त्यांना तसंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी दूध बंद झालं. बरा झालेल्याला कशाला?

कासिल्दा

२९ नोव्हेंबर

फादर लेआंद्रो,

आता पत्र आलं. चार पानं. खोटं सांग असं तू कुठेही म्हणत नाहीस, हे मी पाहिलं. तू शहाणा आहेस. तू म्हणतोस, विचारतील तेवढ्यालाच उत्तर दे. डॉक्टरची १९४६ च्या नोव्हेंबरातली चिठ्ठी आहे, बायकांच्या साक्षी आहेत, मधल्या काळाबद्दल कुणी विचारणार नाही. आपण होऊन का सांगायचं? हजारो माणसं कोस्मेंकडे आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, त्यांच्या हातून ते काढून घ्यायचा अधिकार तुला कुणी दिला? असंही विचारतोस.

मला विचारायची ही वेळ आहे का? १९५० साली विचारायचं होतंस. तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास आणि मठप्रमुख आपल्या घरी आले होते. तू बाहेर खेळत होतास. ते म्हणाले, मुलाला धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत पाठवायचं ठरलं आहे. मी म्हटलं, माझं दुसरं कुणी नाही. ते म्हणाले, "पोरी, देवाने परत दिलेलं मूल देवाचं असतं."

काय बोलणार होते मी? देवाने दिलेलं नाही, मी ठेवलेलं आहे, असं म्हणायला तोंड उघडायला हवं होतं, आणि माझं तोंड मीच शिवून घेतलेलं होतं. एका वाक्याने मी लाज वाचवली आणि त्याच वाक्याने ते तुला घेऊन गेले. तुझी ट्रंक मीच बांधली.

तुझ्या दीक्षेच्या दिवशी लिओकाडिया पहिल्या रांगेत होती. चमत्काराची साक्षीदार. मी खांबाच्या मागे. मला दिसला तो फक्त तुझा हात, आशीर्वाद देताना. नंतर तू तिच्या हाताचं चुंबन घेतलंस आणि माझ्याकडे येऊन म्हणालास, "बरं झालं आलीस." जशी मी दुसऱ्या गल्लीत राहते. आईची जागा विकायची कागदपत्रं करायला १९७० मध्ये आलास तेव्हा मी सांगणार होते. तुझ्याबरोबर आणखी दोघे फादर होते आणि तुझी गाडी साडेचारची होती.

शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस, "तो दिवस काढून घेतलास तर मी कोण उरतो?"

धोबिणीचा भाऊ उरतोस. कमी वाटतं का?

कासिल्दा

१५ डिसेंबर

लेआंद्रो,

बुधवारी साक्ष झाली. बाहेर काही बोलू नका असं त्यांनी बजावलं आहे. मी म्हटलं, सदतीस वर्षं तेच केलं. तुला लिहिते आहे म्हणजे मोडते आहे, पण तुझ्याशी बोलणं म्हणजे बाहेर बोलणं असेल तर मग आत कोण आहे?

बिशपांच्या गावी पहिल्या बसने गेले. लांब टेबल, तिघं जण. मध्ये न्यायाधीश म्हणून नेमलेले फादर, डावीकडे लेखनिक, उजवीकडे वेन्सेस्लाओ नावाचे म्हातारे फादर. संतपदाच्या कामात शंका काढत बसणं ही त्यांची नेमणूक. लोक त्यांना सैतानाचा वकील म्हणतात. कानात यंत्र, नाकात सर्दी. पवित्र पुस्तकावर हात ठेवून मी शपथ घेतली.

सोळा प्रश्न सरळ गेले. सतरावा आला.

"त्या काळात मुलावर काही उपचार चालू होते?"

मी सांगायला लागले. लेप, वीट, दर दोन तासांनी कुशी, उकळलेलं चण्याचं पाणी, आईची गादी उसवून केलेली दुलई. बराच वेळ बोलले. लेखनिकाची लेखणी एकदाच हलली. मी थांबले. "काय लिहिलंत?"

त्याने वाचलं, "घरगुती स्वरूपाची नेहमीची काळजी घेतली जात होती."

"कोण घेत होतं?"

"अं?"

"'घेतली जात होती' म्हणजे कोण घेत होतं? मी घेत होते. ते लिहा. आणि सगळं लिहा. सही माझी लागते ना प्रत्येक पानावर? मग मी बोलले ते असलं तरच होईल."

तो न्यायाधीशांकडे बघायला लागला. तेव्हा म्हातारे वेन्सेस्लाओ शिंकले आणि म्हणाले, "लिहा की हो. बाई बरोबर बोलताहेत. साक्ष त्यांची आहे, तुमची नाही." मग मी परत पहिल्यापासून सांगितलं आणि तो लिहीत गेला. साडेतीन पानं.

पुढे सतरा जानेवारी सांगितली. दूध सांगितलं. तुकडा मुठीत होता ते सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. कोस्मेंवर आले तेव्हा म्हाताऱ्यांनी हात वर केला.

"थांबा. त्यांनी मुलगा बसलेला पाहिला?"

"हो."

"बरा आहे हे कळलं?"

"मसुरातले खडे काढत होता. आंधळ्यालाही कळलं असतं."

"आणि तरी वरिष्ठांना सांगितलं की तसाच आहे? जाणूनबुजून?"

"दोन शनिवार. गुडघ्यावर बसून."

"लिहा," ते लेखनिकाला म्हणाले. मग बराच वेळ नाक पुसत राहिले. मला वाटलं आता माझ्यावर घसरणार. तर विचारतात, "दूध दोघांना पुरायचं?"

"मी पीत नव्हते."

"बाई, शपथेवर आहात."

"साय खायचे," मी म्हटलं.

"हेही लिहा," ते म्हणाले.

शेवटी न्यायाधीशांनी तुझ्याबद्दल विचारलं. हे सगळं चालू असताना मुलाला ठाऊक होतं का? मी सांगितलं, पोराला मी झोपून राहा म्हटलं, तो झोपून राहिला. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. सगळं मला वाचून दाखवलं. नऊ पानं. नऊही पानांवर सह्या केल्या. पूर्ण नावाने.

बाहेर फादर अमान्सियो बाकावर बसले होते. त्यांना आतलं सांगायची मनाई होती, पण माझ्या तोंडाकडे बघून ते समजले. मी म्हटलं, "तुमचा चमत्कार गेला, पोरा." ते म्हणाले, "मग दुसरा शोधू." थोड्या वेळाने म्हणाले, "बस किती वाजता आहे तुमची?" आणि थांब्यापर्यंत माझी पिशवी धरून आले. 

तुझं काय झालं असेल हे वाचून, ते मला ठाऊक नाही. विचारतही नाही.

कासिल्दा

१२ जानेवारी १९८५

लेआंद्रो,

तुझं पत्र आज आलं. एका कागदावर एकच ओळ. "कासी, मी खोकायचो ते मला आठवतं."

बसूनच वाचलं म्हणून बरं.

तर तुला आठवतं. सदतीस वर्षं. की परवा आठवलं? परवा आठवलं असेल तर तसं लिही, मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन. पण तू 'आठवलं' लिहिलेलं नाहीस. 'आठवतं' लिहिलं आहेस.

मी सगळं सांगितलं तिथे, फक्त हे नाही. तुला वाटलं मी विसरले? दारावर थाप पडली की मी तुझ्याकडे बघायचे आणि तू सुरू करायचास. मी शिकवलं नव्हतं. तू आपला आपण शिकलास. खोल, ओला, शेवटी शिट्टी वाजणारा. लिओकाडिया एकदा पाव घेऊन आली तेव्हा असा खोकलास की ती शालीत तोंड घालून रडत गेली, आणि दार लागल्यावर तू विचारलंस, "आता कसा झाला?" आपण दुलईत तोंड खुपसून हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. त्या घरात बाबांना नेल्यानंतर कुणी हसलं असेल तर त्या तीन आठवड्यांत.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा हे माझ्या जिभेवर होतं. गिळलं. म्हटलं, हे त्याचं आहे. सांगायचं तर त्याने सांगावं. शपथेवर एक गोष्ट गाळली मी, तुझ्यासाठी, छप्पन्नाव्या वर्षी. आणि तू? तू हे मनात ठेवून मला पेन्सिलीने खूण करून कागद पाठवलास. विशेष काही नाही. तू हे मनात ठेवून सात देशांत त्या हाताबद्दल बोललास. मी घाबरून एक वाक्य बोलले, एकदा, दारात, गुडघ्यावर. तू रोज बोललास, उभं राहून, उंचावरून.

माफी मागितलेली नाहीस. बरं केलंस. ती ओळ लिहायला तुला किती कागद लागले ते मला माहीत नाही आणि मला ऐकायचंही नाही.

मला लिहून काय होणार? मी काही बिशप नाही. फादर अमान्सियो सांगत होते, तुझी साक्ष तिकडेच रोममध्ये सव्वीस तारखेला आहे. तिथे जा. पुस्तकावर हात ठेव आणि खोकल्याचं सांग. खोकून दाखव म्हणाले तर दाखव. मोठ्याने बोल, कारण लेखनिकांना जे नको असतं ते ऐकू येत नाही. वाचून दाखवतील तेव्हा नीट ऐक, आणि 'रुग्णाची एक नातेवाईक स्त्री' असं कुठे आलं तर सही करू नकोस.

ते झालं की लिही. त्याआधी लिहिलंस तर पाकीट न फोडता परत येईल. फेलिसिआनोला सांगून ठेवलं आहे. त्याने विचारलं, "आणि नंतर आलं तर?"

मी म्हटलं, "तर धावत घेऊन ये."

कासिल्दा